नीट पुसून घे

गोरखची गाडी सकाळच्या पारी साखर गावाकडच्या रस्त्यानं गुंजवण्याकडं येताना दिसली, की भाताच्या खाचरांत वाकलेल्या बाया उभ्या राहतात आणि पदर डोक्यावर घेतात. कुणी त्याला हाक मारत नाही. 'आज इकडं कसं काय?' असंही कुणी म्हणत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं. गाडी देवळापुढं थांबते. गोरख चपला काढतो, आत जातो, माईकवर एकदा फुंकर मारतो, आणि मग सगळ्या वस्त्यांना कळतं की आज कोण गेलं.

वास्तविक हा माणूस नसरापुरात मोबाईल, मिक्सर आणि टीव्हीचे सेटटॉप बॉक्स दुरुस्त करणारा. दुकान बाजाराच्या टोकाला, एवढंसं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं. बोलणं इतकं कमी, की त्याची बायको म्हणते, ह्यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. असल्या माणसाच्या गळ्यात मयताची खबर सांगायचं काम यावं, ही नशिबाची थट्टा म्हणायची. पण नशिबाला तरी कशाला बोल लावा? त्यानं ते स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं, आणि तेही काम अगदी काळजीनं करताना.

गोरख मूळचा गुंजवण्याचाच. तो लहान असताना धरणात त्यांची खाचरं गेली आणि बाप बिऱ्हाड घेऊन खाली वरवे बुद्रुकला आला. तिथं मिळाली ती माळाची जमीन. जन्मभर चिखलात भात लावलेल्या बापाला ती जमीन कधी कळलीच नाही. तो नुसता बांधावर बसून राहायचा. गोरख शाळेत गेला तर तिथली पोरं त्याच्या डोंगरातल्या बोलण्याला हसायची. तो 'म्या' म्हणाला की हसायची, 'न्हाई' म्हणाला की हसायची. मग त्यानं आधी बोलणं बदललं, आणि पुढं पुढं कमीच केलं. भोरला आयटीआय केलं, हायवेच्या एका कंपनीत काही वर्षं काढली, तिथून कमी केल्यावर दुकान टाकलं. आई होती तोवर घरात जुनी बोली ऐकू यायची. आई गेली, आणि ते शब्दही घरातून गेले. गोरखच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

आता ज्ञानूतात्याचं सांगायला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही. ज्ञानूतात्या गुंजवण्यात नळाचं पाणी सोडायचा आणि देवळाच्या भोंग्यावरून गावाला खबर द्यायचा. पाणी सुटलं, रेशन आलं, कुणाची म्हैस सुटली, कुणाचं माणूस गेलं, सगळं त्याच्याच तोंडून. मयताची खबर तो फार नेटकी द्यायचा. "ऐका मंडळी. सांगाया बरं वाटत न्हाई, पर सांगणं भाग हाय," असं म्हणून थोडा थांबायचा. तेवढ्या थांबण्यात गावातली सगळी आजारी माणसं लोकांच्या डोळ्यांपुढून जायची. मग तो नाव घ्यायचा, पूर्ण नाव, घाई न करता. आणि शेवटी म्हणायचा, "ज्यांस्नी जमंल त्यांनी या. कामं राहू द्या."

या माणसाच्या गळ्यालाच रोग झाला. तंबाखू म्हणा, काही म्हणा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ज्ञानूतात्या घरी आला आणि दारात बसून राहिला. बायको, सगुणाबाई, शेजारी बसली. ती दोघंच होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचा पुतण्या प्रेम पुण्यात इंजिनिअर होता. त्यानं सुचवलं, "तात्या, ऑपरेशनच्या आत तुमचा आवाज भरून ठेवू."

प्रेमनं तळहाताएवढा एक बोर्ड आणला. हिरवी पट्टी, तिच्यावर चिपा. पण होता तो अख्खा कॉम्प्युटर. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून ज्ञानूतात्याच्याच जेवणाच्या स्टीलच्या डब्याला भोकं पाडून तो त्यात बसवला आणि भोंग्याला जोडला. गाव त्याला ज्ञानूचा डबा म्हणू लागलं. पाण्याची, रेशनची, आरतीची अशी रोजची खबर एका मेमरी कार्डावर भरली. घड्याळ लावून दिलं. सकाळी ठरल्या वेळी डबा आपोआप बोलायचा: "पाणी सुटलंय. तोट्या उघडा, घागरी लावा. वाया घालवू नका."

आणि त्याच्या मागं आणखी एक वाक्य होतं. ते भरताना सगुणाबाई कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगत होती. ज्ञानूतात्याला वाटलं, प्रेमनं भरणं बंद केलं. म्हणून तो तिला म्हणाला, "आगं ए, ऊठ की. तुला काय निराळं आवतान देऊ?" प्रेमनं ते मुद्दामच कापलं नाही. पुढं रोज सकाळी गाव त्यावर हसायचं, आणि रोज सकाळी सगुणाबाई त्या वाक्याला उठून घागर घ्यायची.

ही गोष्ट पसरली आणि म्हातारी माणसं एकेक करून ज्ञानूतात्याच्या दारात यायला लागली. पहिला आला रखमाजी, देवळाची किल्ली सांभाळणारा. म्हणाला, "ज्ञानू, तू मुका झाल्यावर मी मेलो तर सांगणार कोण? माजंबी भरून ठेव." ज्ञानूतात्या हसला. पण रखमाजी हलेना. मग त्यानं खरंच भरलं: ऐका मंडळी, सांगाया बरं वाटत न्हाई, आपले रखमाजी गेले. रखमाजी समोर बसून मान डोलवत राहिला. दुसऱ्या दिवशी अक्काबाई आली, मग गेनबा, मग साळूबाई. कुणी चहापत्ती घेऊन यायचं, कुणी नुसतं यायचं. आपलंच मरण आपल्या कानांनी ऐकायला नको म्हणून बहुतेक जण नाव सांगून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. थट्टामस्करी चालायची. पण परत जाताना प्रत्येकाचा चेहरा निवांत असायचा, घरातलं एक मोठं काम उरकल्यासारखा.

शेवटी ज्ञानूतात्यानं स्वतःचं भरलं. आणि त्याच्यानंतर सगुणाबाईचं.

हे जरा समजून घ्यायला हवं. त्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते. लग्नातल्या उखाण्यानंतर ज्ञानूतात्यानं तिचं नाव कधी उच्चारलं नाही. पोरंबाळं नसल्यामुळं 'अमक्याची आई' म्हणायचीही सोय नव्हती. सगळा संसार 'आगं ए' वर झाला. त्या दिवशी तिला बाहेर काढून, दार लोटून, त्यानं तिची खबर भरली. सगुणाबाई ओट्यावर बसून होती. प्रेम बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "नाव घेतलं का रं त्यांनी?"

"घेतलं की, काकी. पूर्ण घेतलं."

"बरं," ती म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली. ऐकायला तिनं कधी मागितलं नाही. ते ऐकायचं नव्हतंच. ती गेल्यावर बाकीच्यांनी ऐकायचं होतं. पण ते आहे, एवढं तिला पुरत होतं.

मयताच्या या खबरा प्रेमनं कार्डावर ठेवल्या नाहीत. कार्ड कुणीही काढतं, दमट हवेत खराब होतं. बोर्डाला स्वतःची आतली मेमरी असते, चिकटवलेली एक काळी चिप. डबा चालवणारी सगळी व्यवस्था त्या चिपेवर होती, आणि तिच्याच पोटात त्यानं ही नावंही ठेवली, सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून. रखमाजीच्या मोबाईलवर नावांची बटणं करून दिली. मग प्रेमला परदेशी नोकरी लागली आणि तो गेला.

ऑपरेशननंतर ज्ञानूतात्या वर्षभर जगला, मुका. गेला त्या सकाळी रखमाजीनं बटण दाबलं, आणि ज्ञानूतात्याच्याच आवाजात खोऱ्याला कळलं की ज्ञानूतात्या गेला. लोक खाचरांतून वर बघत उभे राहिले. त्या वेळी गोरख तिथं नव्हता. आईच्या मागं त्याचं गुंजवण्याला जाणं जवळजवळ थांबलं होतं. ज्ञानूचा डबा म्हणजे पाण्याची खबर देणारा डबा, एवढंच त्याच्या कानावर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी लाईटनं उचल खाल्ली. गावातला एक फ्रीज गेला, काही पंखे गेले, आणि डबाही गप्प झाला. रखमाजी तो पंच्यात गुंडाळून एसटीनं नसरापूरला घेऊन आला. "आपल्या मातीतला हायेस म्हणून तुज्याकडं आनलाय," म्हणाला, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून लगेच गेला.

गोरखनं डबा उघडला. बोर्ड जळला नव्हता. दिवा लागत होता, पण सुरू होताना बोर्ड अर्ध्यातच अडकत होता; आतली व्यवस्था बिघडली होती. यावर इलाज ठरलेला. नवी ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या कार्डावर उतरवून घ्यायची, ते कार्ड खाचेत घालून बोर्ड त्याच्यावर सुरू करायचा, आणि मग तिथून ती सिस्टीम आतल्या मेमरीत बसवायची. गोरखनं हे आधीही केलेलं होतं. आणि तो धसमुसळा माणूस नव्हे. आधी त्यानं डब्यातलं जुनं कार्ड काढून तपासलं. पाणी, रेशन, आरती, सगळं जागेवर होतं. त्याची त्यानं एक प्रत काढून ठेवली. गावाचा आवाज राखला, असं त्याला वाटलं.

मग त्यानं आपलं कार्ड घातलं आणि बोर्ड सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला: आतल्या मेमरीत जे आहे ते जाईल, पुढं जायचं का? आतली मेमरी बरीच भरलेली दिसत होती. नुसती सिस्टीम एवढी जागा खात नाही. गोरख थबकला. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. तो थबकला होता, आणि तेच त्याला पुढं खात राहिलं. त्यानं रखमाजीला फोन लावला.

रखमाजी शेतात होता. कानानं थोडा कमी.

"आबा, कार्डातलं सगळं नीट आहे. पण आतलं काय करायचं? आतलं ठेवायचं का?"

"मला काय कळतंय त्यातलं? त्ये प्रेमनं केलेलं."

"मग नवीन टाकू का?"

"टाक की. पर आदी नीट पुसून घे, आन् मंग काय टाकायचं ते टाक."

"नीट पुसून घेऊ ना?"

"व्हय व्हय. नीट पुसून घे."

गोरखनं दोनदा खात्री केली. आणखी माणसानं काय करायचं? आणि रखमाजी 'नीट' म्हणाला म्हणून त्यानं नुसतं वरवर पुसलं नाही. वरवर पुसलेलं कधीकधी परत काढता येतं. त्यानं सगळी चिप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोरी केली. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं एका मिक्सरचं काम उरकलं. मग नवी सिस्टीम आत बसवली, जुनं कार्ड परत लावलं, घड्याळ जुळवलं, आणि दुकानात ज्ञानूतात्याचा आवाज घुमला: "पाणी सुटलंय. तोट्या उघडा…" समोरच्या टपरीवाल्यानं वळून पाहिलं. गोरख कधी नव्हे तो हसला.

डबा गावात परत लागला. सगुणाबाई पुन्हा त्या वाक्याला उठू लागली. सगळं छान चाललं, आणि श्रावणात अक्काबाई गेली.

रखमाजीनं मोबाईल उघडला तर बटणांची पाटीच येईना. शेवटी त्यानं स्वतः माईक घेतला. त्याला खोकल्याची उबळ आली, नाव अर्धंच ऐकू गेलं, आणि पलीकडच्या वस्तीला वाटलं कुणीतरी भोंगा तपासतंय. अक्काबाईची लेक मार्गासनीला दिलेली. तिच्यापर्यंत निरोप गेला तो दुपारी. तोवर उरकलं होतं. ती देवळापुढं उभी राहून सगळ्यांना बोलली, "माज्या आयनं भरून ठेवलं व्हतं. कुनी खाल्लं त्ये?"

संध्याकाळी रखमाजीचा फोन आला. "गोरखा, नावं कुटं गेली?"

"कसली नावं, आबा?"

रखमाजीनं सांगितलं. गोरखच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. "पण आबा, तुम्हीच म्हणालात ना, नीट पुसून घे म्हणून?"

"व्हय, म्हनलो. मंग तू कुनाला पुसलंस?"

गोरखला वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय. त्यानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून गुंजवण्याला गेला.

सगुणाबाई ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत होती. गोरख पायरीवर बसला. त्याला सुरुवात करता येईना. शेवटी म्हणाला, "काकी, माझ्या हातून चूक झाली. आतलं सगळं गेलं. तात्यांनी नावं भरलेली, ती सगळी. तुमचंपण."

तिनं शेंग तशीच हातात धरली. मग साध्या आवाजात म्हणाली, "मला पुसलं का न्हाईस रं?"

आणि तेव्हा गोरखला कळलं. लहानपणी आई त्याला पिटाळायची, 'जा, काकीला पुसून ये, विरजण हाय का.' त्याच काकीला, याच ओट्यावर. पुसून ये म्हणजे विचारून ये. याच बोलीत तो वाढला होता. रखमाजीनं त्याला विचारून घ्यायला सांगितलं होतं, दोन वेळा, नीट विचारून घे म्हणून बजावलं होतं. आणि त्यानं नीट पुसून टाकलं होतं. शाळेतल्या पोरांच्या हसण्यापायी टाकून दिलेला एक शब्द असा फिरून त्याच्याकडं आला. तो पायरीवर बसून रडला. सगुणाबाईनं त्याला पाणी आणून दिलं, पण 'राहू दे' म्हणाली नाही. राहू द्यावं असं ते नव्हतंच.

त्यानं प्रयत्न सोडले नाहीत. बोर्ड घेऊन पुण्याला गेला, हरवलेलं परत काढून देणाऱ्या माणसांना भेटला. त्यांनी तपासून सांगितलं, "कोरं आहे. फार नीट पुसलंय कुणीतरी." प्रेमला फोन केला. प्रेमनं ज्या मोबाईलवर आवाज भरले होते तो त्यानं कधीच विकला होता. तो म्हणाला, "दादा, एक होऊ शकतं. पाण्याच्या खबरेत तात्यांचा आवाज आहे. त्याच्यावरून हल्ली पाहिजे ते वाक्य तयार करता येतं. ओळखूही येत नाही."

गोरखच्या जिवात जीव आला. तो त्याच आठवड्यात सगुणाबाईकडं गेला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यांनी म्हनलेलं नसंल, पर त्यांच्या तोंडनं यील?"

"हो, काकी."

"नगं," ती म्हणाली. "भोंग्यावनं त्यांनी कदी खोटं सांगितलं न्हाई."

गोरखनं मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "तूच सांग मंग."

"मी? मला कुठं बोलता येतं, काकी?"

"तू पुसलंस, तर आता तूच सांग. डब्यात भरून न्हाई. मानूस ग्येलं की यायचं, आन् तोंडानं सांगायचं. सगळ्यांचं."

नाही म्हणायला त्याला जागाच नव्हती. गेनबा गेला तेव्हा तो पहिल्यांदा माईकपुढं उभा राहिला. आवाज फुटेना. फुटला तो दुकानातला निघाला, 'कळविण्यास दुःख होते' वगैरे. लोकांनी नुसतं ऐकलं. घरी जाताना साळूबाई त्याला म्हणाली, "बाबा, आमच्यातलं बोल की. हितं कुनी सायेब न्हाई." पुढच्या खेपेला त्यानं ज्ञानूतात्याचे शब्द घेतले, आणि ते म्हणताना तोंडातून आपसूक 'न्हाई' निघालं, 'पर' निघालं. ज्या बोलीची लाज वाटून तो गप्प झाला होता, ती अशी मयताच्या माईकवर त्याला परत मिळाली. आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकेका माणसागणिक ती बोली बोलणारंच कुणी उरत नव्हतं.

काही जण म्हणाले, गोरख, आता तुझ्या आवाजात आमचं भरून ठेव. त्यानं कुणाचंही भरलं नाही. "फोन करा, मी येईन," एवढंच सांगितलं.

दिवाळीनंतर सगुणाबाई अंथरुणाला खिळली. गोरख बघायला गेला तेव्हा तिनं त्याला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "माजं कसं सांगशील, म्हन बरं."

"काकी, असलं काय बोलता?"

"म्हन की. त्यांनी भरलेलं ऐकाया भ्याले. आता भिऊन काय करू? ऐकू दे मला."

गोरखनं इकडं तिकडं पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं घसा साफ केला. "ऐका मंडळी. सांगाया बरं वाटत न्हाई, पर सांगणं भाग हाय. आपल्या सगुणाबाई…"

"थांब. हळू म्हन नाव." तिनं डोळे मिटले. "त्ये बी हळूच म्हनले असतील."

"सगुणाबाई," तो हळू म्हणाला.

"हां. असं." तिचे डोळे मिटलेलेच होते. "पुन्यांदा म्हन."

त्यानं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं, पण तिनं ते पुसलं नाही. तो निघाला तेव्हा म्हणाली, "चुकला न्हाईस. पर त्यांचं त्ये त्यांचंच."

पौषात, ऐन थंडीत, तांबडं फुटायच्या आधी रखमाजीचा फोन आला. गोरख निघाला. धरणावर धुकं होतं, पलीकडचा राजगड दिसत नव्हता. खाचरं भात काढून मोकळी पडली होती, त्यामुळं वाटेत पदर घेणारं कुणी नव्हतं. देवळात रखमाजी किल्ली घेऊन बसला होता. गोरखनं माईकवर फुंकर मारली.

"ऐका मंडळी. सांगाया बरं वाटत न्हाई, पर सांगणं भाग हाय." तो थांबला, ज्ञानूतात्या थांबायचा तेवढा. "आपल्या सगुणाबाई," तो फार हळू म्हणाला, "ज्ञानूतात्याच्या सगुणाबाई, गेल्या. ज्यांस्नी जमंल त्यांनी या. कामं राहू द्या."

त्यानं माईक ठेवला. भोंगा बंद करायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात डबा आपणहून सुरू झाला. पाण्याची वेळ झाली होती. घड्याळ त्यानंच जुळवून दिलेलं.

"पाणी सुटलंय," ज्ञानूतात्याचा आवाज धुक्यातून वस्त्यांवर गेला. "तोट्या उघडा, घागरी लावा. वाया घालवू नका."

गोरखचा हात बटणावर होता. पुढचं वाक्य त्याला माहीत होतं. रखमाजीलाही माहीत होतं. त्यानं मान फिरवली. एक बटण दाबलं असतं तर झालं असतं. पण आता न विचारता गोरखला काही पुसायचं नव्हतं.

"आगं ए," भोंगा म्हणाला, "ऊठ की. तुला काय निराळं आवतान देऊ?"

त्या सकाळी गावात कुणी हसलं नाही. गोरख देवळातून उतरून सगुणाबाईच्या दारात आला. बाया जमायला लागल्या होत्या. रात्री तिच्यापाशी बसलेल्या साळूबाईनं सवयीनं घागर नळाखाली लावून तोटी उघडीच ठेवली होती. घागर भरली होती, आणि पाणी काठावरून अंगणात वाहत होतं. गोरखनं वाकून तोटी बंद केली आणि चपला काढून आत गेला.